‘बरे झाले देवा’ कोणी म्हणायचं?

गेल्या वर्षी माझ्या काकूचा मुलगा गेला. चौतीस वर्षांचा. रात्री कामावरून परतताना खड्डा चुकवायला गेला, दुचाकी घसरली आणि मागून टँकर येत होता. दहा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. आपल्याकडची एक रीत मला फार शहाणपणाची वाटते. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून शेजारच्या चार घरांतल्या जास्त वेळ पेटतात. पिठलं येतं, भाकरी येते, कुणी न बोलता ताकाचं पातेलं ठेवून जातं. पण भाकरीबरोबर वाक्यंही येतात. ‘त्याची घटका भरली होती.’ ‘देवाच्या मनात असेल तसं.’ ‘देव परीक्षा बघतो, पण सोडत नाही.’ काकू भिंतीला टेकून बसलेली असायची, पदर तोंडाशी, आणि प्रत्येकाला मान हलवून हो म्हणायची.

चौथ्या दिवशी एक पोक्त गृहस्थ आले. शब्द चांगले, आवाजही चांगला. त्यांनी ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे, चित्ती असू द्यावे समाधान’ म्हटलं, त्याचा अर्थ समजावून सांगितला आणि निघून गेले. ते गेल्यावर काकू उठली, आत गेली आणि देव्हाऱ्याच्या दाराला कडी लावून आली. सुतकात देव तसेही बंदच असतात, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. सुतक फिटलं, तेरावा झाला, मासिक श्राद्ध झालं, तरी कडी निघाली नाही, तेव्हा मात्र कुजबुज सुरू झाली. ‘इतकी देवभोळी बाई, आणि असा विश्वास उडावा?’

माझा विश्वास आहे की नाही, हा इथे प्रश्न नाही. देव आहे का, असला तर अशा वेळी कुठे असतो, यावर मोठमोठ्यांनी लिहून झालंय. मला एवढंच म्हणायचंय की घोर संकटातसुद्धा देव आपल्याला सोडणार नाही, हा भरवसा फक्त ज्याच्यावर बेतलीय त्याने बोलायचा असतो. व्याकरणाच्या भाषेत, ते वाक्य प्रथमपुरुषीच खरं असतं. ‘माझा देव मला सोडणार नाही’ असं एखादी बाई म्हणाली तर ती श्रद्धा. तेच ‘तुझा देव तुला सोडणार नाही’ असं तिला कुणी ऐकवलं, की तो उपदेश होतो. आणि ‘त्यांच्या नशिबात देवाने तेच लिहिलं होतं’ असं कुणी तिसऱ्याबद्दल बोललं, तर त्यात बहुतेक वेळा कुणाला तरी वाचवायचं असतं.

आता त्या गृहस्थांनी ज्यांची ओळ वापरली, त्या तुकोबांकडेच पाहू. इ.स. १६२९-३० चा दुष्काळ. देहूत वाण्याचं दुकान, थोडी सावकारी, घरात पिढ्यान्‌पिढ्यांचा विठोबा. त्या दुष्काळात दुकान बुडालं, पत गेली, पहिली बायको गेली, मुलगा गेला. तुकोबांनी ते लपवलं नाही: ‘दुष्काळे आटिले द्रव्ये नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करिता मेली.’ आणि याच तुकोबांचा दुसरा अभंग आहे, ‘बरे झाले देवा निघाले दिवाळे । बरी या दुष्काळे पीडा केली.’ हे ‘बरे झाले’ ऐकताना आजही अंगावर काटा येतो, कारण ते म्हणणाऱ्याने त्याची किंमत आधी मोजलेली आहे. आता कल्पना करा की गावचा एखादा पाटील त्यांच्या ओसरीवर येऊन म्हणतोय, ‘बरं झालं हो तुकोबा, दिवाळं निघालं ते. देवाने केलं ते बऱ्याकरताच.’ शब्द तेच राहिले आणि माणुसकी मात्र गेली.

आणखी एक गोष्ट आपण सोयीने विसरतो. ‘ठेविले अनंते’ म्हणणाऱ्या गाथेतच ‘माझे लेखी देव मेला, असो त्याला असेल’ असाही अभंग आहे. पुढची ओळ तर घटस्फोटाच्या कागदासारखी: ‘गोष्टी न करी नाव न घे, गेलो दोघे खंडोनी.’ आपलं तुटलं, संपलं, आता बोलणं नाही. हे देहूतल्या कुणा नास्तिकाचं म्हणणं नाही, तुकोबांचं आहे. समाधानाची ओळ आणि भांडणाची ओळ एकाच माणसाची, एकाच देवाशी. कीर्तनाला निवड करावी लागते हे मान्य. पण दुसऱ्याच्या ओसरीवर बसून नेमकी समाधानाचीच ओळ निवडायची, हे मला वैद्यकीच्या नावाखाली चोरीसारखं वाटतं. आणि ज्यांना ‘तैसेचि राहावे’ म्हणून सांगायचं, त्यांना तुकोबांनी कर्जखतांचं काय केलं हेही सांगावं. परंपरा सांगते, भावाच्या वाट्याची त्याला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. देवाने ठेवलं तसं ज्यांना राहायचं असतं, ते येणं असलेल्या पैशाचे कागद पाण्यात टाकत नाहीत.

ख्रिस्ती परंपरेतही हीच निवडानिवड चालते. मराठी बायबलमध्ये ‘विलापगीत’ नावाचं पाच अध्यायांचं छोटं पुस्तक आहे. बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळलं, मंदिर पाडलं, त्यानंतरचा हा आक्रोश. पोरं रस्त्यात भुकेने कोसळतायत, आया वेड्या झाल्यायत. या पुस्तकाच्या बरोबर मध्ये, तिसऱ्या अध्यायात, परमेश्वराची दया रोज सकाळी नवी होते आणि त्याचा विश्वासूपणा थोर आहे, अशी ओळ येते. ती चर्चच्या भिंतींवर, कॅलेंडरांवर, शुभेच्छापत्रांवर असते. पण त्या अध्यायाची सुरुवात ‘दुःख पाहिलेला माणूस तो मी’ अशी आहे. आधीचे दोन अध्याय नगरीचं रडणं आहे. इथे एक जण ‘मी’ म्हणतो आणि मगच भरवशाची ओळ उच्चारतो. आणि उच्चारून गप्प बसत नाही. ओळीनंतर पुन्हा तक्रार सुरू होते, ती शेवटपर्यंत. पुस्तक संपतं ते तू आम्हाला अगदीच टाकलंस का, अशा धास्तीवर. ज्यांनी हे पुस्तक पवित्र मानून जपलं, त्यांनी शेवटी गोड ओळ चिकटवली नाही, याचं मला कौतुक वाटतं.

बायबलमधल्याच ईयोबाचे मित्रही इथे आठवतात. सगळं गेलेल्या मित्राला भेटायला ते आले, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. इथवर त्यांच्याइतकं चांगलं सांत्वन कुणी केलं नसेल. आठव्या दिवशी बोलायला लागले आणि सगळं बिघडलं. देव न्यायी आहे, तेव्हा तुझंच काही चुकलं असणार, हा त्यांचा मुद्दा. ईयोब मात्र देवाला जाब विचारत राहतो. शेवटी देव बोलतो तेव्हा रागावतो कुणावर? देवाची बाजू मांडणाऱ्या मित्रांवर. माझ्याविषयी खरं बोलला तो ईयोब, तुम्ही नाही, असं त्यांना ऐकवतो.

पण मला खरं सांगायचंय ते पंडिता रमाबाईंबद्दल. आपण त्यांना विदुषी म्हणून, स्त्रीशिक्षणासाठी झटणाऱ्या म्हणून, किंवा धर्म बदलला म्हणून (हे आजही दबक्या आवाजात) ओळखतो. भुकेतून वाचलेली मुलगी म्हणून फार कमी ओळखतो. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून धर्मसभेत त्यांना उत्तर द्यावं लागलं होतं. पुढे हे कुटुंब पुराणं सांगत तीर्थांतीर्थांतून फिरलं. १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा होतं नव्हतं ते दानात आणि अनुष्ठानांत गेलेलं होतं. शास्त्रात सांगितलंय ते सगळं केलं, देव प्रसन्न होईल म्हणून वाट पाहिली. मग दागिने गेले, भांडी गेली आणि शेवटी झाडपाल्यावर दिवस काढायची वेळ आली. वडिलांची दृष्टी जवळजवळ गेली होती. त्यांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं, भावाने मजुरी करायची तयारी दाखवून ते थांबवलं. तरी १८७४ मध्ये वडील गेले. पाठोपाठ आई. आईची तिरडी उचलायला माणसं कमी पडली, तेव्हा चौथी खांदेकरी म्हणून सोळा वर्षांच्या रमा उभ्या राहिल्या. उंची पुरत नव्हती, म्हणून आपल्या बाजूचं ओझं त्यांनी डोक्यावर घेतलं. थोड्या काळाने बहीणही गेली.

रमाबाईंनी पुढे स्वच्छ लिहिलं की इतकं करूनही देव पावले नाहीत, म्हणून आमची श्रद्धा ढळू लागली. हे वाचून कुणाला वाईट वाटेल. मला ते वाक्य त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत प्रामाणिक वाक्य वाटतं. ज्या मुलीने आईची तिरडी डोक्यावर नेली, तिला शंका घेण्याचा अधिकार नसेल तर कुणाला? पुढे त्यांची श्रद्धा परत आली, वेगळ्या रूपाने, वेगळ्या धर्मात, १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये. तिथे जाण्याआधी भाऊ गेला होता आणि लग्नाला दोन वर्षं होण्याच्या आत नवराही कॉलऱ्याने गेला होता. त्या श्रद्धेविषयी वाद घालणारे आजही आहेत. मला तिची पारख एकाच ठिकाणी करावीशी वाटते. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई पुण्यातून उठून तिकडे गेल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांना ठेवायला केडगावला जमीन होती. पुण्यात प्लेग आला होता. पैसा येईल तेव्हा येणार होता. उपाशी पोरींना ‘देवाची इच्छा’ समजावून सांगायला त्या गेल्या नव्हत्या, त्यांना गाडीत बसवून आणायला गेल्या होत्या. स्वतःच्या भुकेचा अर्थ त्या स्वतः लावत होत्या. दुसरीच्या भुकेचा अर्थ लावत बसल्या नाहीत, तिला जेवायला घातलं.

शेवटची वर्षं त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करण्यात घालवली. केडगावच्या त्यांच्या मुक्तिमिशनच्या छापखान्यात तिथल्याच बायका अक्षरांचे खिळे जुळवायच्या. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. ती गेल्यावरही काम थांबलं नाही, भाषांतर पुरं झालं आणि एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. त्या कामात मूळ हिब्रूतलं ते विलापगीतही होतं. रोज सकाळी नव्या होणाऱ्या दयेची ती ओळ मराठीत आणताना त्यांच्या मनात काय आलं असेल, हे मी सांगायला गेलो तर मीही त्या ओसरीवरच्या गृहस्थांसारखाच होईन.

आता भिंतीची गोष्ट. चोखोबा मंगळवेढ्याचे. जन्मभर विठोबाच्या दाराबाहेर उभे. ‘धाव घाली विठू, आता चालू नको मंद’ ही त्यांची हाक. बडवे मारतायत आणि हा भक्त देवाला सांगतोय, पाय उचल, इतका सावकाश काय येतोस! त्यांचा शेवट १३३८ साली झाला. मंगळवेढ्यात भिंतीच्या कामावर राबत असताना ती कोसळली आणि इतर मजुरांबरोबर चोखोबा तिच्याखाली गाडले गेले. देव धावला नाही. पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. नामदेव अस्थी आणायला गेले, ढिगातल्या कुठल्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू येतं ते कानाला लावून पाहिलं आणि त्या अस्थी पंढरपूरला महाद्वारासमोर पुरल्या. कथा खरी की रचलेली, ते बाजूला ठेवू. ज्यांनी ती सांगितली त्यांना भिंत अधांतरी थांबली असं सांगता आलं असतं. चमत्कारच करायचा तर तो सोपा होता. त्यांनी तसं सांगितलं नाही. भिंत पडली, माणूस मेला, आणि नाम हाडात राहिलं, एवढंच सांगितलं. आपल्या परंपरेने भरवशाची इतकी कठोर व्याख्या केलेली असताना आपण ‘श्रद्धा असेल तर काही होत नाही’ अशी स्वस्त हमी कुठून आणली?

पण ही कथा इथेच ठेवली तर तीसुद्धा गोड होते. भिंतीखाली माणसं का होती? कुणाच्या हुकमाने राबत होती? अस्थी महाद्वारासमोर आल्या, आत का नाही गेल्या? मंदिरात सर्वांना प्रवेश मिळायला मे १९४७ उजाडला, आणि त्यासाठी साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. सहाशे नऊ वर्षं. इतकी वर्षं कुणीतरी सांगत होतंच की दार बंद राहावं ही देवाचीच इच्छा आहे. साने गुरुजी अश्रद्ध नव्हते, उलट जरा जास्तच श्रद्धाळू. पण देवाच्या इच्छेचा निवाडा त्यांनी दार बंद ठेवणाऱ्यांवर सोडला नाही.

दुसरी भिंत किल्लारीची. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या संध्याकाळी गणपती विसर्जन झालेलं. विघ्नहर्त्याला निरोप देऊन लोक झोपले ते उठलेच नाहीत. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं भूकंपात जमीनदोस्त झाली, आठ हजारांच्या आसपास माणसं मेली, काही नोंदींत आकडा आणखी मोठा आहे. तेव्हाही बोललं गेलं की देव कोपला. पण माणसं मारली ती घरांनी. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, मध्ये सिमेंट नाही, नुसती माती, आणि वर मातीचं जड माळवद. त्या भागाचा भूकंपाचा धोका तेव्हाच्या नकाशावर सर्वांत कमी दाखवलेला होता. आदल्या वर्षीपासून लहान धक्के बसत होते, लोक धास्तावले होते. देवाच्या कोपाबद्दल बोलत बसलं की या सगळ्याबद्दल बोलायचं राहून जातं. किल्लारीची एखादी आजी आजही म्हणत असेल की मला देवाने वाचवलं. तिला तो पूर्ण हक्क आहे. तोच हक्क नकाशा काढणाऱ्या खात्याला नाही.

म्हणून हा प्रश्न घरातल्या सांत्वनापुरता राहत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये केंद्रीय अर्थमंत्र्यांनी जीएसटीच्या तुटीबद्दल बोलताना करोनाला ‘ॲक्ट ऑफ गॉड’ म्हटलं. करारांमध्ये तो शब्दप्रयोग असतो हे खरं, पण राज्यांना द्यायच्या पैशाच्या चर्चेत देव हिशेबनीस म्हणून आला. ३० ऑक्टोबर २०२२ ला गुजरातमध्ये मोरबीचा झुलता पूल तुटला, १३५ माणसं गेली. पुलाची देखभाल करणाऱ्या कंपनीच्या एका व्यवस्थापकाने न्यायालयात सांगितलं की ही भगवंताची इच्छा होती. सरकारी पक्षाचं म्हणणं होतं की दुरुस्तीत पुलाचा पाटा बदलला, केबल जुन्याच ठेवल्या. देवाच्या इच्छेला गंज चढतो हे त्या दिवशी कळलं. ‘अस्मानी सुलतानी’ असा जोडशब्द आपल्या पूर्वजांनी उगाच केला नाही. आभाळातून येतं ते वेगळं आणि सरकारदरबारातून येतं ते वेगळं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. सुलतानी पाप अस्मानाच्या नावावर चढवण्याची हुशारी मात्र अलीकडे फार वाढलीय.

माझे विवेकवादी मित्र इथे मला अडवतात. म्हणतात, मग मुळालाच हात घाल ना. भरवसा हीच अफू आहे, ती असेपर्यंत लोक जाब विचारणार नाहीत. मला हे पटत नाही, कारण वर ज्यांची नावं आली त्यांतले जाब विचारणारे सगळे भरवसा असलेलेच होते. ज्याच्याशी नातं नाही त्याच्याशी कोण भांडतं? जनाबाईच्या नावावर असलेल्या अभंगात विठोबाला ‘मूळ मायेच्या कारट्या’ अशी शिवी आहे. ती घरच्या माणसालाच देता येते. आणि श्रद्धा म्हणजे हातावर हात ठेवून बसणं, असं म्हणणाऱ्यांनी २०२० ची आषाढी आठवावी. ज्या वारीला लाखो पाय लागतात, ती त्या वर्षी पादुकांनी एसटीच्या बसमधून केली आणि वारकरी घरी थांबले. विठोबा रागावेल असं म्हणणारे थोडे होते, समजून घेणारे जास्त.

श्रद्धाळू मित्रांचा आक्षेप मला जास्त टोचतो. ते विचारतात, मग आम्ही दुःखाच्या घरी जाऊन काहीच बोलायचं नाही का? आमच्याजवळ आधार म्हणून तेवढंच आहे, ते द्यायचं नाही? याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. एवढं दिसतं की आपण ते वाक्य बऱ्याचदा समोरच्यासाठी बोलत नाही, स्वतःसाठी बोलतो. समोरचं दुःख इतकं उघडं असतं की त्यावर काहीतरी झाकण घालावंसं वाटतं, आणि देवाचं नाव हे हाताशी असलेलं सर्वांत मोठं झाकण. मीही ते घातलंय. काकूच्या घरीच, दुसऱ्या दिवशी, ‘देव बळ देईल’ असं मीच म्हणालो होतो. तिने मान हलवली होती.

त्या खड्ड्यासाठी चुलतभावाच्या मित्रांनी अर्ज केले, माहितीच्या अधिकारात कंत्राटाचे कागद मागवले. एका कार्यालयात त्यांना चहा देऊन सांगण्यात आलं की शेवटी मरण कुणाच्या हातात असतं! कागद अजून यायचेत. खड्डा बुजला, पहिल्या पावसात पुन्हा उघडला.

दिवाळीनंतर मी काकूकडे गेलो तेव्हा ती मागच्या दारी ओट्यावर बसली होती. पुढ्यात ताम्हण, त्यात तिचा पितळी बाळकृष्ण, सात-आठ महिन्यांचा काळा पडलेला. चिंच आणि राख घेऊन ती त्याला घासत होती, जरा जास्तच जोर लावून, आणि खालच्या आवाजात त्याला काहीतरी सुनावत होती. मला पाहून थांबली नाही. मी काय बोलतेस असं विचारलं नाही. पायरीवर बसलो, आणि तिने मागितली तेव्हा पाण्याची कळशी पुढे सरकवली.